लोणार सरोवरातील बारसे

घरात मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी पाळणा बांधतात, आत्याबाई बाळाच्या कानात हळूच नाव सांगतात आणि मग घुगऱ्या वाटल्या जातात. सृष्टीमध्ये मात्र असे असंख्य जीव आहेत की, ते हजारो वर्षे नांदत आले, तरी त्यांना कोणी नाव ठेवलेले नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे राहणाऱ्या अशाच एका चिमुकल्या जीवाचे बारसे २०१२ साली झाले. ते कसे झाले, हे आज तुम्हांला सांगावयाचे आहे. परंतु त्याआधी माझी एक चूक कबूल केली पाहिजे.

१९९६ सालच्या हिवाळ्यात शाळेतील मुलांना घेऊन मी लोणारला गेलो होतो. गावातून पुढे गेले की जमीन एकाएकी संपते आणि पायांखाली एक प्रचंड वाटोळी खळगी दिसते. तिचा व्यास सुमारे १८०० मीटर असून काठावरून खाली पाण्यापर्यंतचे अंतर १३० मीटरांहून अधिक आहे. ही खळगी ज्वालामुखीची नव्हे. आकाशातून आलेली एक उल्का येथील काळ्या कठीण बेसॉल्ट खडकावर आदळली आणि त्या आघाताने हे विवर निर्माण झाले. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तशी खात्रीची लक्षणे या खडकांत दाखवून दिली. हा आघात केव्हा झाला याविषयी मतभेद आहेत. जुन्या मोजणीप्रमाणे त्याला सुमारे ५० हजार वर्षे झाली, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे झाली. लोणासुर दैत्याला विष्णूने येथेच मारले, ही कथा तर तुम्ही ऐकली असेलच.

आम्ही धारेवर हातपाय धुतले आणि झाडीतून खाली उतरलो. धारेचे पाणी गोड, पण तळाशी असलेले सरोवराचे पाणी खारट व हाताला साबणासारखे बुळबुळीत लागणारे. काठाच्या चिखलाला उग्र वास येत होता. मी मुलांना हळदीने रंगवलेले कागदाचे तुकडे दिले. ते पाण्यात बुडवताच लालभडक झाले. पाणी अल्कधर्मी असल्याची ती खूण. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात, त्यातही हाच गुण कामाला येतो.

तेवढ्यात एका मुलाने विचारले, "गुरुजी, या पाण्यात मासे आहेत का?"

"नाहीत," मी म्हणालो. "अशा पाण्यात काहीच जगत नाही. हे मृत सरोवर आहे."

"मग पाणी हिरवे कसे?"

"शेवाळ असेल."

"शेवाळ जिवंत नसते का, गुरुजी?"

मी घड्याळाकडे पाहिले आणि "चला, वर चढायला उशीर होईल," असे म्हणून सर्वांना माघारी फिरवले. मी मराठीचा शिक्षक. शास्त्र हा माझा विषय नव्हे, अशी मनाची समजूत मी नंतर घातली. परंतु प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चुकीचे होते, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

आता त्या पाण्याचा थोडा विचार करू. विवरात चारी बाजूंनी पाणी येते, पण बाहेर जावयास वाट नाही. ऊन पाण्याची वाफ करून नेते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे ठेवते. वर्षानुवर्षे हेच चालले. पाणी किती आम्ल किंवा किती अल्कधर्मी आहे, हे ज्या मापाने सांगतात त्याला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. फरक अवघा तिनाचा दिसतो, पण या मापातील प्रत्येक पायरी दहापटीची असल्यामुळे हे पाणी शुद्ध पाण्याच्या हजारपट अल्कधर्मी ठरते. मासा त्यात टिकत नाही. परंतु जे पाणी माशाला विष, तेच काही सूक्ष्म जीवांना घर वाटते. हिरवा रंग देणारे निळे-हिरवे सूक्ष्म जीव तर येथे विपुल आहेतच. त्यांच्याखेरीज डोळ्यांना मुळीच न दिसणारे जीवाणूही या पाण्यात भरलेले आहेत.

हैदराबाद येथील पेशी व रेणू जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी लोणारचे पाणी नेऊन त्यातील जीवाणू वेगळे केले. त्यांपैकी काही असे निघाले की, त्यांचे वर्णन आजवर कोणत्याही ग्रंथात नव्हते. पण एखादा जीव 'नवा' आहे, हे ठरवावयाचे कसे?

हे समजण्यासाठी लोणार क्षणभर सोडून, शेकडो किलोमीटर दूर असलेल्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊ. जीवाणू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्याला हातात धरता येते अशा प्राण्यापासून आरंभ केलेला बरा. ओहोटीच्या वेळी वाळूत एखादा शंख चालू लागलेला दिसतो. तो उचलून पाहिला तर आत एक खेकडा दडलेला असतो. याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असतो आणि त्यावर कवच नसते. म्हणून हा प्राणी मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून त्यात बिऱ्हाड करतो. त्याला संन्यासी खेकडा म्हणतात. संन्याशाने घर पाठीवर घेऊन हिंडावे हे जरा विचित्रच, पण नाव तसे पडले आहे खरे. या खेकड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी डायोजेनिस असे नाव दिले. या नावाचा एक ग्रीक तत्त्वज्ञ मोठ्या रांजणात राहत असे, अशी आख्यायिका आहे.

किनाऱ्यावर सापडलेला असा खेकडा ओळखीचा वाटला नाही, तर अभ्यासक त्याला शंखाबाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. डावी नांगी मोठी की उजवी? डायोजेनिस गटात डावी मोठी असते. नांगीवर काटे आहेत काय, किती रांगांत? डोळ्यांचे देठ किती लांब? पायांवर केस कोठे? प्रत्येक गोष्ट मोजून, चित्र काढून, पूर्वी वर्णन केलेल्या सर्व जातभाईंशी ताडून पाहावी लागते. एखादा काटा अधिक आहे एवढ्याने भागत नाही. तो फरक अनेक खेकड्यांत सारखा आढळला पाहिजे. हे सर्व जुळले, म्हणजे नव्या जातीचे वर्णन छापले जाते आणि ज्या खेकड्यावरून ते लिहिले, तो नमुना संग्रहालयात स्पिरिटमध्ये जपून ठेवला जातो. पुढे कोणाला शंका आली, तर त्याने त्या बाटलीतील खेकड्याकडे जावे. गुजरातच्या किनाऱ्यावरील अशा एका खेकड्याला २०१६ साली 'डायोजेनिस छापगराय' असे नाव मिळाले. मुंबई राज्यातील सागरी खेकड्यांवर १९५७ साली विस्तृत लेखन करणाऱ्या छापगर यांचा तो सन्मान होय.

या नावात दोन शब्द आहेत, हे तुमच्या ध्यानात आले असेल. ही पद्धत स्वीडनमधील लिनिअस या शास्त्रज्ञाने रूढ केली. प्राण्यांच्या बाबतीत त्याच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून ती धरतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटात आधी आडनाव आणि मग नाव लिहितात, तसेच हे. अनेक जाती मिळून एक प्रजाती, अनेक प्रजाती मिळून एक कुल, आणि असेच वर गण, वर्ग, संघ. नावे लॅटिन वळणाची असतात, कारण ती सर्व देशांत एकच राहावीत. आपण ज्याला कडुनिंब म्हणतो, त्याला हिंदीत नीम, कन्नडात बेवु आणि तेलुगूत वेप म्हणतात. पण 'आझाडिराख्टा इंडिका' म्हटले की जगातील कोणताही वनस्पतिशास्त्रज्ञ तेच झाड समजतो. एवढ्या मोठ्या लिनिअसलाही सूक्ष्म जीवांचे काय करावे हे उमगले नव्हते. १७६७ साली त्याने अशा पुष्कळ जीवांना एकाच प्रजातीत कोंबले आणि तिला 'केऑस', म्हणजे गोंधळ, असे नाव दिले. तेव्हा माझ्या चुकीबद्दल मी एकटाच लाजावे असे नाही.

आता पुन्हा लोणारला येऊ. खेकड्याला नांग्या आहेत, डोळे आहेत. जीवाणूला यांपैकी काहीच नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाची एक इवलीशी काडी दिसते, आणि अशा काड्या हजारो जातींच्या असतात. मग ओळख पटवावी कशी?

पहिली अडचण अशी की, पाण्याच्या एका थेंबात नाना जातींचे जीवाणू एकत्र असतात. म्हणून तो थेंब पुष्कळ विरळ करून, आगर नावाच्या पदार्थाच्या थरावर पसरतात. आगर म्हणजे समुद्रातील शैवालापासून काढलेला, खरवसासारखा थिजणारा पदार्थ. वाण्याकडे मिळणारे चायनाग्रास ते हेच. त्यात जीवाणूंना लागणारे अन्न घालतात, आणि लोणारच्या पाहुण्यांसाठी त्यात मीठ व सोडाही घालतात, नाहीतर ते उपाशी राहतील. थरावर पडलेला एकेक जीवाणू दुभंगत दुभंगत काही दिवसांत लक्षावधींचा होतो आणि तेथे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसू लागतो. एका ठिपक्यातील सर्व जीवाणू एकाच पूर्वजाची संतती. त्यातला कण उचलून पुन्हा नव्या थरावर, तेथून पुन्हा तिसऱ्या, असे करीत गेले की निर्भेळ वंश हाती येतो. असाच एक नारिंगी-तांबूस ठिपक्यांचा वंश हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या हाती आला; त्याच्या नळीवर 'एलडब्ल्यू ९' अशी खूण होती.

यानंतरची परीक्षा कोणत्याही शालान्त परीक्षेहून कडक असते. जीवाणूचा आकार कसा? तो हालचाल करतो काय? डेन्मार्कच्या ग्रॅम याने १८८४ साली शोधलेल्या रीतीने रंगवल्यास कोणता रंग धरतो? किती मिठात, किती उष्णतेत आणि कोणत्या सामूत वाढतो? कोणती साखर खातो? त्याच्या आवरणात कोणती मेदाम्ले आहेत? आणि शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट, त्याचा आनुवंशिक मजकूर. प्रत्येक जीवाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. त्यातील सुमारे १५०० अक्षरांचा एक उतारा सर्व जीवाणूंत थोड्याफार फरकाने सापडतो. या उताऱ्यावरून नातेगोते लावता येते, हे अमेरिकेतील कार्ल वूज याच्या संशोधनावरून १९७७ सालापासून ठळकपणे पुढे आले. एकच पोथी अनेक लेखनिकांनी उतरवून घेतली, म्हणजे प्रत्येकाच्या हातून निराळ्या चुका होतात आणि त्या चुकांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे पंडित ओळखतात. वूज याची युक्ती ऐकली तेव्हा मला आमच्या पाठभेदांच्या अभ्यासाची आठवण झाली.

हा उतारा ताडून पाहता लोणारचा तो जीवाणू नव्या जातीचाच नव्हे, तर नव्या प्रजातीचा आहे, असे ठरले. म्हणजे नाव तर नवे हवेच, पण आडनावही नवे हवे. तेव्हा त्याला 'सेसेम्बिया लोनारेन्सिस' हे नाव देण्यात आले. हैदराबादच्या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे सी, सी, एम, बी अशी आहेत. त्यांचा उच्चार जुळवून 'सेसेम्बिया' हे आडनाव झाले, आणि 'लोनारेन्सिस' म्हणजे लोणारचा. त्यापूर्वी २०१० साली याच सरोवरातील आणखी एका जीवाणूचे 'इंडीबॅक्टर अल्कलिफिलस' असे नामकरण झाले होते. 'भारताची, क्षारांवर प्रीती करणारी काडी' असा त्याचा अर्थ होतो. लोणार हे नाव आता जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या यादीत कायमचे गेले आहे.

येथे खेकडा आणि जीवाणू यांच्या रीतीत एक मोठा भेद आहे. खेकड्याचा नमुना मेलेला चालतो. जीवाणूचा जिवंत लागतो. त्याचा निर्भेळ वंश किमान दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत जमा केल्याशिवाय नावाला मान्यता मिळत नाही. तेथे तो गोठवून, कोरडा करून, काचेच्या बंद नळीत झोपवून ठेवतात. पुष्कळ वर्षांनीही योग्य अन्न दिले की तो जागा होऊन वाढू लागतो. लोणारच्या तळाशी राहणारा जीव परदेशातील थंड कपाटात निजलेला आहे, हे त्या मुलाला सांगावयास मला आवडले असते.

२०२० सालच्या जून महिन्यात लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि पाहावयास लोकांची रीघ लागली. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा पाणी आटून खारटपणा वाढल्याने लवणप्रिय सूक्ष्म जीव फोफावले व त्यांच्या अंगच्या रंगाने पाणी रंगले, असे दिसून आले. पावसाळा आला, पाणी विरळ झाले, रंग ओसरला. त्याच वर्षी या सरोवराची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. पाण्याचा खारटपणा कमी-अधिक झाला की त्यातील वस्ती अशी बदलते. गावाचे सांडपाणी किंवा जास्तीचे गोडे पाणी सरोवरात उतरू लागले, तर याच कारणाने येथील मूळ रहिवाशांचे बिऱ्हाड मोडू शकते.

आणि ते सर्व रहिवासी कोण, हे अद्याप पुरते कळलेलेही नाही. अलीकडे पाण्यातील आनुवंशिक मजकूर, जीवाणू न वाढवताही, सरळ वाचता येतो. लोणारच्या पाण्यात व गाळात असे पुष्कळ उतारे सापडले आहेत की, ते कोणत्याही नाव असलेल्या जातीशी जुळत नाहीत. ज्यांचे हे उतारे, ते जीव आगराच्या थरावर वाढत नाहीत. त्यांना काय खावयास द्यावे हे अजून कोणाला साधलेले नाही. जिवंत वंश संग्रहालयात ठेवता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना नावही देता येत नाही. त्यांचा पाळणा रिकामाच आहे.