कॅमेरा आपला, पण फुटेज कोणाला द्यायचे? सीसीटीव्ही बसवणाऱ्यांनी एवढे माहीत ठेवा

कोऱ्हाळे बुद्रुक (ता. बारामती) : विहिरीवरची मोटार, केबल, दुचाकी काहीच सुरक्षित राहिले नाही, म्हणून आता दुकानाबरोबर गोठ्यावर अन् शेतातल्या शेडवरही कॅमेरे लागले आहेत. चोर सापडायला त्यांचा उपयोग होतोच. पण बऱ्याचदा फुटेज पोलीस ठाण्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, आणि अडचण तिथून सुरू होते.

ग्रुपवर का टाकू नये?
कॅमेऱ्यात दिसलेला माणूस चोरच असेल असे नाही. रात्री पाण्याची पाळी असणारा शेतकरीही बॅटरी घेऊन फिरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्यात मंगळवेढा तालुक्यातले लोक होते. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे. संशय मोबाईलवरून पसरला होता. क्लिप एकदा पुढे गेली की परत घेता येत नाही.

पोलिसांनी मागितले तर?
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार ठाणे प्रभारी तपासासाठी लेखी आदेश देऊन फुटेज मागू शकतात. ते द्यावेच. फक्त कोणत्या तारखेचे, किती ते किती वाजेपर्यंतचे, हे लिहून घ्यावे. मशिन जप्त होत असेल तर पंचनाम्याची प्रत मागावी. कलम १०५ नुसार जप्तीचे चित्रीकरण करणे पोलिसांनाही बंधनकारक आहे.

फुटेज टिकते किती दिवस?
डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुने आपोआप पुसले जाते. म्हणून घटना घडली की लगेच पेनड्राईव्हवर काढून ठेवा. मशिनचे घड्याळ बरोबर आहे का तेही बघा, वेळ चुकली तर कोर्टात वाद होतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. मोबाईलने स्क्रीनचे शूटिंग करून दिलेली क्लिप कामाची ठरेलच असे नाही.

कॅमेऱ्याचे तोंड कुठे?
आपला दरवाजा, गोठा, रस्ता ठीक. शेजाऱ्याची न्हाणी किंवा शेतात उतरलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या त्यात येता कामा नयेत. त्या बायाबापड्या आडोसा करून अंघोळ करतात. महिलेचे असे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदाच दोषी ठरले तरी एक ते तीन वर्षे कैद होते.

नजर दोन्हीकडे
सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो बंगलेवाल्याला आहे तसा कोपीतल्यालाही आहे. याच न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायचा आदेश दिला. म्हणजे कोठडीत काय चालते, यावरही नजर हवी.

कॅमेरा जरूर बसवा. संशयास्पद काही दिसले तर ११२ ला फोन करा, फुटेज ठाण्यात द्या. कोण चोर अन् कोण साव, हे ग्रुपने ठरवायचे काम नाही.