खिंडाराच्या वाटेने

अल्जीरियाच्या ईशान्येस, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटर आत, डोंगररांगा ओलांडून गव्हाच्या पठारी मुलखाकडे निघालेल्या प्रवाशाला एके ठिकाणी भूमी एकाएकी दुभंगलेली आढळते. आणि त्या दरीच्या पलीकडे, उभ्या कड्याच्या अगदी काठाला बिलगून बसलेली, खालच्या अथांग पोकळीची जराही भीती न बाळगणारी अशी घरांची दाटी दृष्टीस पडते. हे कॉन्स्टन्टीन नगर. अरबीत त्याला कसन्तीना म्हणतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर चुनखडीच्या खडकाचा हा विस्तीर्ण चौथरा उभा आहे, आणि रुमेल नदी नैऋत्येकडून येऊन, दक्षिण टोकाशी बूमरझूग या दुसऱ्या प्रवाहाला पोटात घेऊन, या चौथऱ्याला पूर्वेकडून वळसा घालीत उत्तरेला धबधब्यांच्या रूपाने खालच्या खोऱ्यात उतरते.

चुनखडी हा पाण्यात विरघळणारा खडक. त्यामुळे नदीने येथे नुसती दरी कोरून थांबण्याऐवजी खडकाखालून भुयारे काढली आणि काही ठिकाणी माथ्यावर नैसर्गिक कमानी तशाच शिल्लक ठेवल्या, ज्यांच्या छायेखालून ती आजही वाहते. उन्हाळ्यात रुमेल म्हणजे खडकांतून वाट काढणारी क्षीण धार. पावसाळ्यात मात्र तिचा घोष वरच्या गल्ल्यांपर्यंत पोहोचतो. उत्तरेकडे, जिथे जुना गढीचा भाग आहे, तेथे दरीची खोली दोनशे मीटरांच्या घरात जाते. पश्चिमेस नदी नाही, पण कडे आहेत. राहिली नैऋत्य दिशा. त्या एकाच बाजूने चौथऱ्याची एक चिंचोळी सोंड समोरच्या कुदियत अती नावाच्या टेकडीला जाऊन मिळते. या नगराचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्याने दरीच्या रौद्र सौंदर्याने दिपून न जाता या सोंडेकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. कारण जे जे बाहेरून आले आणि ज्यांनी ज्यांनी हे नगर बदलले, ते बहुधा याच वाटेने आत शिरले.

प्राचीन काळी याचे नाव सिर्ता. न्युमिडियाच्या राजांची ही राजधानी. इ. स. पू. 112 मध्ये जुगुर्थाने आपला दत्तकबंधू अधेर्बाल याला येथेच कोंडले, आणि नगर हाती येताच त्याच्यासह इटालियन व्यापाऱ्यांचीही कत्तल केली. रोमशी त्याचे जे दीर्घ युद्ध जुंपले त्याचे निमित्त हेच. पुढे चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन यादवीत नगर उद्ध्वस्त झाले, तेव्हा सम्राट कॉन्स्टन्टाइनने ते पुन्हा उभारले आणि त्याचे नाव नगराला कायमचे चिकटले.

तुर्की अंमलात कॉन्स्टन्टीन हे पूर्व सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. सुभेदाराला बे म्हणत, आणि अल्जिएर्सच्या दे या अधिपतीकडे दर तीन वर्षांनी जातीने जाऊन वसूल भरण्याचा दस्तूर त्याला पाळावा लागे. या सुभ्याची खरी दौलत म्हणजे दक्षिणेकडच्या उंच पठारावरचा गहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रांतिकालीन फ्रान्सने अल्जीरियातून उधारीवर जो गहू उचलला आणि ज्याचे पैसे चुकते केले नाहीत, त्याच देण्याघेण्यावरून 1827 मध्ये दे आणि फ्रेंच वकील यांची बाचाबाची झाली, दे याने हातातला माशा वारण्याचा पंखा वकिलाला मारला, आणि या अपमानाचे निमित्त करून तीन वर्षांनी फ्रेंच आरमार अल्जिएर्सच्या किनाऱ्याला लागले.

5 जुलै 1830 रोजी अल्जिएर्स पडले. तेव्हा कॉन्स्टन्टीनचा बे अहमद वसूल भरण्यासाठी तेथेच आलेला होता. बापाकडून तुर्की आणि आईकडून सहाराच्या सीमेवरील एका बड्या अरब घराण्याचा असा हा पुरुष, त्या लढाईत भाग घेऊन आपल्या स्वारांसह सुभ्यात परतला आणि पुढची सात वर्षे त्याने फ्रेंचांचे स्वामित्व मानले नाही.

नोव्हेंबर 1836 मध्ये मार्शल क्लोझेल बोन बंदराहून (आजचे अन्नाबा) आठ हजारांच्या आसपास फौज घेऊन निघाला. नगर आपण होऊन दरवाजे उघडील असा त्याचा अंदाज होता. पठारावर पाऊस, मग बर्फ, चिखलात रुतलेली सामानाची गाडी आणि अपुरा तोफखाना अशा अवस्थेत ही फौज तटाखाली पोहोचली. दरीवरच्या अल कंतरा पुलाच्या बाजूने आणि सोंडेच्या बाजूने असे दोन्हीकडून हल्ले झाले, ते परतवले गेले, आणि क्लोझेलला शेकडो माणसे गमावून माघारी फिरावे लागले. स्वदेशी परतताना त्याचे सेनापतिपदही गेले.

दुसऱ्या वर्षी फ्रान्सने घाई केली नाही. पश्चिमेत फ्रेंचांशी झुंजणाऱ्या अमीर अब्दुल कादिर याच्याशी मे 1837 मध्ये तफ्ना येथे तह करून हात मोकळे करून घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जनरल दांरेमाँ याच्या हुकुमतीखाली दहा हजारांहून अधिक सैन्य, वेढ्याच्या जड तोफांसह, कुदियत अतीच्या माथ्यावर येऊन बसले. अहमद बे बाहेर राहून घोडदळाने शत्रूला सतावीत होता. आत त्याचा सरदार बेन ईसा तट लढवीत होता. शरण येण्याचा निरोप आला तेव्हा, तुमची दारू संपली असेल तर आम्ही देऊ, भाकर संपली असेल तर आमच्यातली वाटून देऊ, पण आमच्यातला एकही जिवंत असेतो नगर मिळणार नाही, अशा आशयाचा जबाब नगरवासीयांनी पाठवल्याचे फ्रेंचांनीच नोंदवून ठेवले आहे. 12 तारखेला दांरेमाँ तोफेच्या गोळ्याने ठार झाला. 13 ऑक्टोबरच्या सकाळी, नवा सेनापती वाले याच्या आज्ञेवरून, सोंडेकडच्या तटाला पडलेल्या खिंडारातून लामोरिसिएरची तुकडी आत घुसली आणि गल्लीगल्लीतून, घराघरातून हातघाई सुरू झाली.

यानंतर जे घडले ते लिहिताना लेखणी अडखळते. सोंडेकडून शत्रू आत येत होता, उरलेल्या तिन्ही दिशांना कडे. तेव्हा शेकडो स्त्रीपुरुषांनी दोर सोडून दरीत उतरण्याचा प्रयत्न केला. दोर भार न सोसून तुटले. ज्या कड्याने दोन हजार वर्षे बाहेरच्यांना अडवले, त्याने त्या दिवशी आतल्यांनाही वाट दिली नाही. पुढे व्हर्सायच्या राजवाड्यात एका दालनाला या नगरीचे नाव देऊन ओरास व्हेर्नेची भव्य युद्धचित्रे तेथे लावली गेली; पण 13 ऑक्टोबरचे खरे चित्र मला त्या तुटलेल्या दोरांत दिसते.

अहमद बे औरेस डोंगरात आणखी अकरा वर्षे झुंजत राहिला आणि 1848 मध्ये शरण आला. नुकताच बांधून झालेला त्याचा राजवाडा, त्यातील संत्र्यांच्या बागा आणि चित्रित भिंतींसह, फ्रेंच सेनाधिकाऱ्याचे निवासस्थान झाला. सूक अल गझल येथील मशिदीचे कॅथीड्रल करण्यात आले. 1844 च्या राजाज्ञेने नगराचे युरोपीय आणि देशी असे दोन विभाग पाडले. आणि पुढे जो सरळ, रुंद रस्ता जुन्या वस्तीच्या पोटातून आरपार काढला, तो अल कंतरापासून थेट खिंडाराच्या जागेपर्यंत नेला. तटाची तेथील भिंत पाडून जो चौक केला त्याला नावच ‘ला ब्रेश’, म्हणजे खिंडाराचा चौक, असे दिले. नाट्यगृह, कचेऱ्या, बागा त्याच्याच आसपास उभ्या राहिल्या. इतकेच नव्हे, ज्या कुदियत अतीवरून तोफा डागल्या गेल्या ती टेकडी वर्षानुवर्षे खणून सपाट करण्यात आली, आणि त्या सपाटीवर युरोपीय मोहल्ला वसला.

बाहेर पठारावर जमिनीची कहाणी याहून कठोर आहे. सेतीफच्या बाजूस 1853 मध्ये जिनीव्हाच्या एका कंपनीला 20,000 हेक्टर जमीन एकगठ्ठा मिळाली. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या 1871 च्या बंडानंतर मोठ्या प्रमाणावर जमिनींची जप्ती झाली. 1873 च्या कायद्याने सामाईक जमिनींची वैयक्तिक मालकीत वाटणी करून त्या विकत घेण्याचा मार्ग मोकळा केला. गव्हाचे मालक मजूर झाले आणि मजूर होऊन याच नगराच्या कडेला येऊन राहिले.

पूल मात्र फ्रेंचांनी अप्रतिम बांधले, हे मान्य केलेच पाहिजे. 1912 मध्ये सीदी मसीदचा झुलता पूल खुला झाला: लांबी 164 मीटर, दरीच्या तळापासून उंची 175 मीटर, 1929 पर्यंत जगात याहून उंच पूल नव्हता. त्याच वर्षी दक्षिणेस सत्तावीस कमानींचा सीदी राशिदचा दगडी पूल पुरा झाला.

या नगरातील ज्यू वस्ती पुरातन. 24 ऑक्टोबर 1870 च्या फर्मानाने ज्यूंना फ्रेंच नागरिकत्व मिळाले, शेजारच्या मुसलमानांना मिळाले नाही. एकाच गल्लीत, एकच अरबी बोलणाऱ्या, मालूफ या संगीतपरंपरेतली तीच गाणी गाणाऱ्या दोन समाजांत कायद्याने भिंत घातली. ऑगस्ट 1934 च्या दंग्यात पंचवीस ज्यू मारले गेले. मालूफचे थोर गायक शेख रेमों लेरिस यांची 22 जून 1961 रोजी येथे हत्या झाली, आणि पुढच्या वर्षभरात ती पुरातन वस्ती जवळजवळ संपूर्ण देश सोडून गेली.

याच नगरात 1889 मध्ये अब्दुल हमीद बेन बादीस जन्मले. नगराच्या मशिदीत बसून मुलांना आणि प्रौढांना अरबी भाषा आणि धर्म शिकवीत त्यांनी जे काम केले, आणि 1931 मध्ये उलेमांची जी संस्था स्थापन केली, त्यांतून फ्रेंच शाळांनी पुसू पाहिलेली ओळख पुन्हा लिहिली गेली. 16 एप्रिल 1940 रोजी ते वारले. अल्जीरियात तो दिवस आज विद्यादिन म्हणून पाळतात. 8 मे 1945 रोजी याच जिल्ह्यातील सेतीफ आणि गेल्मा येथे जे हत्याकांड सुरू झाले त्याने विनंतीअर्जांचा काळ संपवला, आणि 1 नोव्हेंबर 1954 रोजी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले.

1962 च्या स्वातंत्र्यानंतर खिंडाराच्या चौकाला त्या 1 नोव्हेंबरचे नाव देण्यात आले. पाटीवर आज तेच आहे. पण दरीपलीकडून बाजारहाटाला येणारी माणसे एकमेकांना भेटीची जागा सांगताना अजूनही म्हणतात, ला ब्रेशला ये.