विश्व टपाल संघ : सदस्यत्वाच्या अटी आणि काही रूढ गैरसमज

नाशिकरोडच्या ज्या सरकारी छापखान्याला गावात सगळे नुसते ‘प्रेस’ म्हणतात, त्याने ऑक्टोबर १९४९ मध्ये चार तिकिटे काढली : नऊ पै, दोन आणे, साडेतीन आणे आणि बारा आणे. पृथ्वीचा गोल आणि अशोकस्तंभाचे शीर्ष ही त्यांवरची चित्रे असून विश्व टपाल संघाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, हे त्यांचे निमित्त होते. त्या संघाची घटना आणि त्यात शिरण्याच्या अटी यांविषयी मात्र, तिकिटे छापणाऱ्या या शहरातही, बऱ्याच चुकीच्या समजुती रूढ आहेत.

हिंदुस्थान या संघात स्वातंत्र्यानंतर गेला, ही त्यांतली पहिली. वास्तविक ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस राष्ट्रांनी करारनामा केला, १ जुलै १८७५ पासून तो अंमलात आला आणि बरोबर एक वर्षाने, १ जुलै १८७६ रोजी, हिंदुस्थान त्यात दाखल झाला. त्या वेळी कारभाराची सूत्रे इंग्रजांच्या हाती होती, हे उघड आहे. परंतु ज्या प्रदेशाचे टपालखाते स्वतंत्रपणे चालते त्यालाही संघात जागा मिळू शकत असल्यामुळे, राजकीय पारतंत्र्यात असतानाच या देशाचे नाव त्या पटावर चढले. आपली तिकिटे तेव्हा लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात. नाशिकरोडचा छापखाना १९२५ मध्ये उभा राहिला आणि त्यानंतर ते काम इकडे आले.

दुसरा गैरसमज पैशाविषयीचा, आणि तो सर्वांत खोल रुजलेला आहे. नाशिकहून म्युनिकला धाडलेल्या पत्रावरचे हशील दोन्ही देशांत वाटून घेतले जात असेल, असे पुष्कळांस वाटते, आणि १८७४ पूर्वीचा व्यवहार खरोखरच काहीसा तसा होता : दर दोन देशांचा वेगळा करार, दर मार्गाचा वेगळा दर, आणि प्रत्येक पत्रामागे कोणाला किती द्यायचे याचे कधी न संपणारे हिशेब. प्रशियाच्या टपालखात्यातील हाइनरिख फॉन श्टेफान यांनी या गुंत्यावर जो उपाय सुचवला तो आजही विलक्षण वाटावा असा आहे. सर्व सदस्य देशांचा मिळून टपालापुरता एकच प्रदेश मानावा, परदेशी पत्राला स्वदेशी पत्रासारखीच वागणूक द्यावी, दुसऱ्याचे टपाल आपल्या हद्दीतून जात असता त्याची वाट अडवू नये, आणि वसूल झालेले हशील ज्याचे त्याने ठेवावे. कारण गेलेल्या पत्राला बहुधा उत्तर येते, आणि उत्तराचे हशील समोरच्या देशाला मिळतेच. वाटेतल्या देशांना वाहतुकीबद्दल मोबदला मिळे, पण पत्र घरोघर पोचवण्याबद्दल पोचवणाऱ्याला काही मिळत नसे. ज्या काळात राष्ट्रे एकमेकांच्या सीमेवर तोफा रोखून बसत, त्या काळात परक्याचे पत्र आपले समजून दारात नेऊन देण्याचे बंधन त्यांनी लेखी पत्करले, याचे मोल मला फार मोठे वाटते. पुढे जाणारे टपाल आणि येणारे टपाल यांचा मेळ बसेनासा झाला, तेव्हा १९६९ च्या टोकियो परिषदेने, पत्र पोचवणाऱ्या देशाला मोबदला देण्याची तरतूद केली. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपालदिन म्हणून पाळण्याचा ठरावही याच परिषदेतला, आणि तो मांडणारे आनंद मोहन नरुला भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते.

हा संघ म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे एक खाते, आणि त्यांचा प्रत्येक सदस्य आपोआप याचाही सदस्य, ही तिसरी समजूत. संयुक्त राष्ट्रांहून हा संघ एकाहत्तर वर्षांनी मोठा असून १९४८ पासून तो त्यांची विशेषीकृत संस्था म्हणून जोडला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशालाही प्रवेशाची रीतसर घोषणा करावी लागते; मात्र ती केल्यावर कोणाच्या मान्यतेची गरज उरत नाही. जो सार्वभौम देश संयुक्त राष्ट्रांत नाही, त्याने अर्ज करावा आणि संघाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी त्यास संमती द्यावी, अशी अट आहे. व्हॅटिकन संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नाही, तरी या संघात आहे. खर्चाच्या वाट्याचे वर्ग ठरलेले असून कोणत्या वर्गात बसायचे ते देश सामान्यतः स्वतः निवडतो. वाटा थोडा असो वा मोठा, मत प्रत्येकास एकच.

एकदा शिरलेल्याला बाहेर पडता येत नाही, असेही कोणी सांगतात. घटनेत त्याची वाट मोकळी आहे : नोटीस द्यावी, एक वर्षाची मुदत भरू द्यावी. पोचवणुकीच्या दरांवरून अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशी नोटीस दिली होती. संघाकडे फौज नाही की जप्तीचा हुकूम नाही. त्याने सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात असाधारण परिषद बोलावली, मोठ्या प्रमाणावर टपाल स्वीकारणाऱ्या देशांना ठरावीक मर्यादेत आपले दर स्वतः जाहीर करण्याची मुभा दिली, आणि मुदत संपण्यापूर्वीच अमेरिकेने नोटीस मागे घेतली.