बाबासाहेबांचा जन्म महूमध्येच का झाला? उत्तर विंध्याच्या घाटात आणि १८१८ च्या तहात आहे

१४ एप्रिल जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. महू हे नाव म्हणजे 'मिलिटरी हेडक्वार्टर ऑफ वॉर' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, असं त्यात छातीठोकपणे सांगितलेलं असतं.

वाचायला भारी वाटतं, पण ते खरं नाही. इंग्रजांची छावणी पडण्याआधीपासून तिथे याच नावाचं गाव होतं. छावणीनं गावाचं नाव घेतलं आणि इंग्रजांनी ते आपल्या पद्धतीनं लिहिलं. त्या स्पेलिंगवरून हा फुलफॉर्म नंतर कुणीतरी जुळवला.

पण मग प्रश्न उरतोच. इंग्रजांनी छावणीसाठी नेमकं हेच गाव का निवडलं?

आधी एक लढाई झाली

२१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रा नदीकाठी महिदपूर इथं होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. गादीवरचे मल्हारराव होळकर तेव्हा अल्पवयीन होते. या तहानं होळकरांना सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडावा लागला आणि राज्यात इंग्रजांची फौज ठेवायला मान्यता द्यावी लागली.

त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि जॉन माल्कमनं महूला छावणी उभी केली.

आता नकाशा उघडा

महू इंदूरच्या दक्षिणेला २०-२५ किलोमीटरवर आहे. म्हणजे त्या काळी पायदळाला एका दिवसात गाठता येईल एवढं जवळ. राजधानीवर लक्षही राहतं आणि महाराजांच्या दारात तळ ठोकल्यासारखंही दिसत नाही.

दुसरी गोष्ट घाटाची. महू माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. गावाच्या दक्षिणेला थोडं पुढे गेलं की पठार संपतं आणि विंध्याचा उतार नर्मदेच्या खोऱ्यात कोसळतो. पाताळपाणीचा धबधबा याच कड्यावर आहे. तिथून खाली पडणारी चोरल नदी नर्मदेला मिळते. जवळच्याच जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळ मात्र उत्तरेला यमुनेकडे जाते.

मुंबई-आग्रा रस्ता धुळे, शिरपूर, सेंधवा करत येतो, खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि मानपूरचा घाट चढून महूजवळ पठारावर पोहोचतो. त्यामुळे महूत फौज असेल, तर मुंबईकडून माळव्यात येणारी वाट आपोआप तिच्या हातात राहते.

१८५७ ला या जागेची किंमत कळली

१ जुलै १८५७ ला सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच रात्री महूच्या छावणीतल्या देशी पलटणीनं बंड केलं. ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईकडची फौज घाट चढून महूत पोहोचली. पुढे ह्यू रोजची जी फौज झाशीवर चालून गेली, तिची एक ब्रिगेड जानेवारी १८५८ मध्ये इथूनच निघाली होती.

नंतर या घाटातून रेल्वेही आली. खांडवा-इंदूर मार्गासाठी १८७० साली तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं. पहिल्या महायुद्धाआधी महू हे लष्कराच्या एका डिव्हिजनचं मुख्यालय होतं.

आणि कोकणातलं एक कुटुंब

एवढी मोठी छावणी म्हटल्यावर पलटणी आल्या, त्यांच्याबरोबर लष्करी शाळा आल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. त्यांची नेमणूक महूला होती. १४ एप्रिल १८९१ ला त्यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या नोकरीनं रामजींच्या हाती पुस्तक आणि पगार दिला, तिचं दार पुढच्या पोरांसाठी बंद झालं. ते पुन्हा उघडावं म्हणून रामजी आणि नंतर स्वतः बाबासाहेबही झटले.

आज महूत काय आहे?

इंग्रज गेले, होळकरांचं राज्य विलीन झालं, तरी छावणी राहिली. आता काम बदललंय. देशाच्या मध्यभागी, सीमांपासून लांब असलेलं हे ठिकाण आणि आजूबाजूचा डोंगराळ मुलूख लष्करी प्रशिक्षणाला सोयीचा आहे. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि सिग्नलच्या अधिकाऱ्यांना शिकवणारं दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय, अशा तीन मोठ्या संस्था इथं आहेत. सॅम माणेकशॉ एकेकाळी इन्फंट्री स्कूलचे प्रमुख होते.

२००३ मध्ये शहराचं नाव 'डॉ. आंबेडकर नगर' झालं. दर १४ एप्रिलला महाराष्ट्रातून असंख्य लोक जन्मभूमीच्या स्मारकावर येतात. त्यातले अनेक जण धुळे-सेंधव्याच्या रस्त्यानं नर्मदा ओलांडतात आणि तोच घाट चढतात, ज्याच्यावर नजर ठेवण्यासाठी दोनशे वर्षांपूर्वी ही छावणी वसवली गेली होती.

तेव्हा तो फुलफॉर्मवाला मेसेज पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी ही गोष्ट नक्की सांगा.