खाणीच्या गावातलं कॉलेज

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनपासून साधारण 100 किलोमीटर दक्षिणेला बॅचलर नावाचं छोटं गाव आहे. ते वसलं युरेनियममुळे. शेजारच्या रम जंगल खाणीतल्या कामगारांसाठी 1950च्या दशकात इथे घरं उभी राहिली. 1971 मध्ये खाण बंद पडली. त्यानंतर तीन वर्षांनी डार्विनच्या कोर्मिल्डा कॉलेजाच्या आश्रयाने सुरू झालेला एक शिक्षण-प्रशिक्षणाचा उपक्रम या गावात हलवला गेला. आदिवासी वस्त्यांच्या शाळांत गोऱ्या शिक्षकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबणाऱ्यांना शिकवण्यासाठी तो सुरू झाला होता. आजची बॅचलर इन्स्टिट्यूट त्यातूनच वाढली.

ही निकड अचानक कुठून आली? ऑस्ट्रेलियात विद्यापीठाची पदवी मिळवणारे पहिले आदिवासी म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, ते चार्ल्स पर्किन्स आणि मार्गारेट व्हॅलाडियन दोघेही 1966चे पदवीधर. म्हणजे देशातली पहिली विद्यापीठं शंभरी ओलांडून गेल्यावरचे. पुढे डिसेंबर 1972 मध्ये व्हिटलम यांच्या केंद्र सरकारने जाहीर केलं, की नॉर्दर्न टेरिटरी या बॅचलरच्याच प्रदेशातल्या आदिवासी शाळांत मुलांना त्यांच्या मातृभाषेतूनही शिकवायचं. निर्णय चांगला होता, पण वार्लपिरी किंवा टिवी बोलणारे प्रशिक्षित शिक्षक आणायचे कुठून? भाषा येणारी माणसं शाळेतच होती, वर्गाच्या मागच्या बाकाजवळ उभी. त्यांच्याकडे नव्हता तो फक्त कागद.

आणि तो कागद घ्यायला ती शहरात येणार कशी? नॉर्दर्न टेरिटरी महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठी आणि लोकवस्ती जेमतेम अडीच लाखांची. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, कित्येक वस्त्यांचे रस्ते पाण्याखाली जातात. मग छोटं विमान हाच आधार. शिकणाऱ्यांत बायका जास्त, बहुतेक तिशी-चाळिशीतल्या, लेकुरवाळ्या, शाळेत नोकरी करणाऱ्या. कुणी गेलं की सगळं कुटुंब शोकविधींसाठी जमतं. त्याला तिथे ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात, आणि तो काही दिवसही चालतो, काही आठवडेही. हजेरीपटाला हे कळत नाही.

बॅचलरने वेळापत्रकच मोडून नव्याने बांधलं. विद्यार्थिनींनी वर्षातून काही वेळा दोन-दोन आठवड्यांच्या निवासी कार्यशाळेला यायचं, वसतिगृहात राहायचं, बरोबरच्यांशी बोलत शिकायचं आणि परत आपल्या गावी, आपल्या शाळेत जायचं. मधल्या काळात शिक्षक फिरतीवर. गावातल्या एखाद्या खोलीत अभ्यासकेंद्र, तिथे मदतीला कुणीतरी. आपल्याच वर्गात शिकवून दाखवणं हाही अभ्यासाचा भाग. हल्ली ‘लवचिक शिक्षण’ म्हटलं की लोकांना लॅपटॉपचा पडदा दिसतो. इथे त्याचा अर्थ अगदी रोकडा होता: विमानाची तिकिटं, गाद्या, जेवण आणि डिझेल. लेकरांना सोडून येता येत नाही, म्हणून त्यांचीही सोय.

1980च्या दशकात या पद्धतीने आणखी लांब उडी मारली. तीन हजार किलोमीटरवरच्या, व्हिक्टोरिया राज्यातल्या जिलाँग इथल्या डीकिन विद्यापीठाशी हातमिळवणी करून आदिवासी शिक्षकांना पदवीपर्यंत नेणारा संयुक्त अभ्यासक्रम सुरू झाला. टेरिटरीतल्या आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकावरच्या यिरकाला गावात राहूनच काहींनी त्यातलं शिक्षण घेतलं. त्याच गावचे मांडावुय युनुपिंगू 1988 मध्ये डीकिनचे पदवीधर झाले, आर्नहेम लँडमधले पहिले आदिवासी पदवीधर. 1990 मध्ये ते गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. जगाला ते माहीत आहेत ‘योथू यिंडी’ या बँडचे गायक म्हणून. मला त्यांची मुख्याध्यापकी जास्त मोलाची वाटते. त्यांच्या योल्ङु लोकांत ‘गान्मा’ नावाची कल्पना आहे: खाडीत समुद्राचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी भेटतं, फेस उठतो, पण दोन्हींपैकी एक पुसलं जात नाही. दोन्ही ज्ञानपरंपरा शाळेत अशा भेटाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. बॅचलरच्या ‘बोथ वेज’ या धोरणाची नाळ याच विचाराशी जुळलेली आहे.

प्रवेशाची वाटही वेगळी. बारावीच्या गुणांचा आकडा दाखवा आणि आत या, हा हिशेब इथे चालतच नाही, कारण अनेक वस्त्यांत बारावीपर्यंतची शाळाच नव्हती. त्यामुळे आधी पायाभरणीचा अभ्यासक्रम: शैक्षणिक लेखन, गणित, संगणक, विद्यापीठात कसं वावरायचं ते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम ज्यांना माहीत आहे, त्यांना कल्पना ओळखीची वाटेल. फरक असा, की इथे वर्गातले सगळेच आदिवासी. एकटं पडण्याची भीती पहिल्याच दिवशी कमी होते.

हे सगळं उभं आहे सरकारी पैशावर. 1969 पासून आदिवासी विद्यार्थ्यांसाठी जी शिष्यवृत्ती आहे, तिच्या जोडीने निवासी कार्यशाळांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च देणारी ‘अवे फ्रॉम बेस’ तरतूद आली. कुठल्याही अंदाजपत्रकात आधी डोळ्यांवर येतो तो असाच खर्च, आणि आंतरजाल पोचलं की तो उधळपट्टी वाटू लागतो. मला हा युक्तिवाद पटत नाही. अंतर कुणालातरी कापावंच लागतं. संस्थेने ते कापलं नाही तर ते विद्यार्थिनीच्या पदरात पडतं, आणि तिच्याकडे त्याची तरतूद नसते.

बॅचलरची स्वतःची वाटही सरळ गेली नाही. डिसेंबर 1998 मध्ये टेरिटरी सरकारने द्विभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम गुंडाळायचं ठरवलं, म्हणजे ज्या कामासाठी शिक्षक घडवले तेच काम डळमळलं. पुढच्याच वर्षी, जुलै 1999 मध्ये, खास कायद्याने बॅचलरचं कॉलेज स्वतंत्र इन्स्टिट्यूट झालं. वेळेचा हा विनोद थोडा क्रूरच. 2012 पासून पदवीचं शिक्षण चार्ल्स डार्विन विद्यापीठाच्या भागीदारीत चालवलं गेलं.

धोरणाच्या पातळीवर अलीकडे एक मोठी गोष्ट झाली. 1 जानेवारी 2024 पासून पात्र ठरलेल्या कुठल्याही आदिवासी विद्यार्थ्यासाठी पदवीच्या अनुदानित जागेची हमी केंद्र सरकार देतं, वैद्यकीय शाखा वगळून. आधी ही हमी मोठ्या शहरांबाहेरच्या आणि दुर्गम भागांपुरतीच होती. पण यात ‘पात्र ठरलेल्या’ हे शब्द आहेत. पात्रतेपर्यंतचा रस्ता अजूनही पायाभरणीच्या त्या वर्गांतूनच जातो.

बॅचलरमध्ये आज व्यावसायिक शिक्षणाचे वर्गही चालतात, आणि ऑस्ट्रेलियन भाषांचं केंद्रही. त्या केंद्राची मुळं 1974 मध्ये सुरू झालेल्या भाषाविज्ञानाच्या शाळेत आहेत, जिथे आपलीच भाषा लिहायला शिकायला लोक येत. संस्थेचं स्वतःचं प्रकाशन आहे, बॅचलर प्रेस. आदिवासी भाषांतली पुस्तकं ते अजून काढतं.