चढलात भारी, पण उतरणार कसं?

रविवारी तोरण्याला जायचा प्लॅन तुमच्याही ग्रुपवर शिजत असेलच. पावसाळा संपलाय, सबमिशनला अजून वेळ आहे, एकाकडे गाडी आहे आणि दुसऱ्याने रील बघितलंय. रीलमध्ये काय असतं? रेलिंग धरून वर येणारा हात, मग एकदम भगवा झेंडा, मग खाली ढग. तीस सेकंदांत गड सर! उतरतानाचं रील मात्र मी आजवर एकही बघितलेलं नाही. उतरताना मोबाइल काढायला हात मोकळा असतोच कुठे?

तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर. शिवाजी महाराजांनी स्वराज्याच्या अगदी सुरुवातीला घेतलेला, हे चौथीच्या पुस्तकापासून आपल्याला पाठ आहे. वेल्ह्यातून निघालं की अडीच-तीन तासांत माणूस बिनी दरवाज्यात पोहोचतो. वाट एका डोंगरसोंडेवरून चढते. आधी शेतं, मग थोडी झाडी, मग उघडी धार आणि शेवटी कातळ. दोर, हार्नेस असलं काही लागत नाही, पण नुसत्या पायांनीही भागत नाही, हात टेकावेच लागतात. चालणं आणि प्रस्तरारोहण यांच्या मधला हा प्रकार. इंग्रजीत त्याला स्क्रॅम्बलिंग म्हणतात, आपले ट्रेकर ‘रॉक पॅच आहे रे’ म्हणून मोकळे होतात.

इंटरनेटवर तोरण्यापुढे ‘मध्यम’ असं लिहिलेलं सापडतं. या शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते. दम किती लागेल, याचा अंदाज ‘मध्यम’वरून येतो. पाय घसरला तर काय होईल, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आता थोडं भूगोलाचं, कंटाळू नका, उपयोगाचं आहे. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले. त्यातला कठीण थर उभा कडा होऊन राहतो आणि ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. या दगडाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दच मुळात जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. वाटेवर याचा अर्थ असा की उतार, कातळ, उतार, कातळ असंच चालू राहतं. आणि धोका नुसत्या कातळावर नसतो. वरच्या ठिसूळ थरातून निघालेला बारीक मुरूम खालच्या गुळगुळीत कातळावर येऊन पसरतो. त्याला घसारा म्हणतात. फरशीवर ज्वारी सांडलीये आणि तुम्ही त्यावरून उतरताय, अशी कल्पना करा. हिवाळ्यात त्यात वाळलेलं गवत येतं. दिसायला मऊ आणि सोनेरी, फोटोत तर झकासच, पण ते एका दिशेला झोपलेलं असतं आणि बूट त्यावरून सरळ सटकतो.

चढताना यातलं फारसं जाणवत नाही. नजर वर असते, हात डोळ्यांसमोर असतात, पकड कुठे आहे ते दिसतं. शिवाय अंगात जोर असतो. उतरताना सगळं उलटं. पाय टेकायची जागा स्वतःच्याच गुडघ्याआड लपते, मांड्या थरथरायला लागलेल्या असतात, बाटलीत दोन घोट पाणी उरलेलं असतं आणि दरी थेट समोर असते.

मागच्या डिसेंबरात बिनी दरवाज्याच्या खाली एक मुलगी अशीच मधे बसून राहिलेली मी पाहिली. दोन्ही हातांनी रेलिंग घट्ट धरलेलं, तोंड दरीकडे. पांढरे स्नीकर्स होते, तळवे झिजलेले. तिच्या ग्रुपमधले दोघं खालून ओरडत होते, ‘अगं काही नाहीये, ये ना!’ तिसरा शूट करत होता. वर उतरणाऱ्यांची रांग तुंबली होती, खाली चढणाऱ्यांची. मागून कोणीतरी ‘चला पटापट’ म्हणालं. एवढ्यात ताकाचा कॅन घेऊन वर चाललेला गावातला एक दादा थांबला. कॅन बाजूला ठेवून तो तिच्या दोन पावलं खाली उभा राहिला. “ताई, दरीकडं नका बघू. माझ्याकडं पाठ करा अन् दगडाकडं तोंड.” ती वळली. मग तो कातळावर थाप मारून एकेक जागा दाखवायला लागला. “डावा पाय हितं. टेकला? आता हात खाली घ्या. आता उजवा.” दहा मिनिटं लागली असतील. शूट करणाऱ्यानेही मोबाइल खिशात टाकला होता.

त्या दादाने जे सांगितलं, तेच प्रस्तरारोहणाच्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. दोन हात, दोन पाय, यातले तीन नेहमी टेकलेले, एका वेळी एकच हलवायचा. उतार तीव्र असेल तर दगडाकडे तोंड करून शिडी उतरतो तसं उतरायचं. लाजायचं काही कारण नाही, बसून घसरत आलात तर पँट फाटते आणि वेगावर ताबाही राहत नाही. दगडाची खोबण धरण्याआधी ती हलवून बघायची, ठोकली की पोकळ वाजते ती सोडून द्यायची. रेलिंग तोल सावरायला आहे. ऊन-पावसात राहिलेल्या लोखंडावर सगळं वजन टाकून मागे झुकणं म्हणजे दुसऱ्याने कधीतरी केलेल्या कामावर आपला जीव टांगणं. आणि एका रेलिंगवर पाच जण नकोत, एक उतरून बाजूला झाला की मग दुसरा. पायाखालचा दगड सुटला तर गप्प बसू नका, ‘दगड!’ असं जोरात ओरडा. खाली कुणाचं तरी डोकं असतं.

यातलं महत्त्वाचं सूत्र एकच वाटतं मला. एखादा टप्पा चढण्याआधी तिथेच थांबून स्वतःला विचारा, इथून मला उतरता येईल का? शंका असेल तर वर जाण्याआधी चार फूट चढून पुन्हा चार फूट उतरून बघा. जमलं, तर पुढे. नाही जमलं, तर तुम्हाला उत्तर मिळालंय आणि तुम्ही अजून जमिनीजवळ आहात. हे ग्रुपसमोर बोलणं अवघड असतं, मान्य. ‘घाबरला रे’ म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. म्हणून हे आदल्या दिवशीच ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर, पोहे कुठे खायचे ते ठरवता त्याच मेसेजमध्ये: कोणी एकजण थांबला तर त्याच्याबरोबर दुसरा कोण थांबणार?

झुंजार माचीचं वेगळं सांगायला हवं. गडाची ही चिंचोळी माची वरून बघितली की पाय आपोआप तिकडे वळतात. पण तिथे उतरायची वाट उघड्यावरची आणि अवघड आहे. दोर आणि तो वापरता येणारं माणूस सोबत नसेल तर तटावरूनच बघा, तिथूनही ती तेवढीच देखणी दिसते. समोर राजगड असतोच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे, तोरणा नाही. रविवारची गर्दी बघता तोरण्याला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही.

पावसाळ्यात हाच कातळ शेवाळाने काळा-हिरवा होतो आणि धारेवर धुकं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा, आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडून एखादा वार. एखाद्या ग्रुपचे पैसे भरून जाणार असाल तर किती जणांमागे एक लीडर आहे, त्याने प्रथमोपचार शिकलेत का, हे विचाराच. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करणं त्यात अपेक्षित आहे. नोंदणीबद्दल विचारल्यावर समोरचा चिडला, तर तेही उत्तरच आहे.

माणशी तीन लिटर पाणी घ्या, टाक्यांच्या भरवशावर जाऊ नका. परफ्यूम घरी ठेवा, कड्यांवर आग्यामाशांची पोळी असतात. काही झालंच तर ११२ लावा, पण रेंज येईलच असं नाही आणि गडावरून माणूस स्ट्रेचरवर खाली आणायला कित्येक तास लागतात. हे काम करणारे बहुतेक जण गावातले आणि ट्रेकिंग क्लबमधले तुमच्या-माझ्यासारखेच असतात, स्वतःची कामं टाकून आलेले.

आणि वेळ. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नवख्या ग्रुपला उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, गर्दी असेल तर जास्तच. म्हणून एक वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं, मेंगाईचं देऊळ दिसत असलं तरी. एसटीने जाणाऱ्यांसाठी स्वारगेटहून वेल्ह्याला गाडी आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते सकाळी उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून घ्या.