पायलट व्हायचंय? पैसे शेवटी भरा!

जालना एमआयडीसीतल्या टपरीवर चहा पिताना वरून विमान गेलं, की चार माना आजही वर होतात. त्यातला एखादा मनात म्हणतोच, ‘आपल्याला जमेल का रे?’ जमू शकतं. पण घरच्यांनी शेताचा तुकडा विकायला काढण्याआधी कुठली पायरी कधी, हे समजून घ्या.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वयाची १८ वर्षं पूर्ण, बारावीला फिजिक्स-मॅथ्स आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. मॅथ्स सोडलंय? टेन्शन नको, ओपन बोर्डातून ते नंतरही देता येतं. खर्च मात्र ४०-५० लाखांच्या घरात, कधी त्याहूनही जास्त.

म्हणून पहिली पायरी मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्मा ठरावीक मर्यादेत चालतो, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर गाडी अडू शकते. हे फी भरल्यावर कळून काय उपयोग?

दुसरी पायरी परीक्षा. नॅव्हिगेशन, हवामान, नियम आणि टेक्निकल, पासिंग ७० टक्क्यांना. हा अभ्यास घरी बसूनही सुरू करता येतो. पेपर आधी निघाले तर पुढे सगळं लक्ष उडण्यावर राहतं.

मग विमान. सेसना १५२ म्हणजे दोनच सीट, शेजारी इन्स्ट्रक्टर. सुरुवातीलाच ‘स्टॉल’ शिकवतात. इथे स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. नाक फार वर उचललं की पंखावरची हवा विस्कटते आणि विमानाला वर धरणारा जोर घटतो. उपाय काय, तर नाक खाली! विमान खाली चाललंय आणि आपण नाक अजून खाली करायचं, हे मनाला पटत नाही. म्हणूनच हा सराव भरपूर उंचीवर, पुन्हा पुन्हा करून घेतात.

त्यानंतर टेक-ऑफ, एक चक्कर, लँडिंग, परत टेक-ऑफ. मग एक दिवस इन्स्ट्रक्टर खाली उतरतो आणि म्हणतो, आता एकट्यानं जा. हीच पहिली ‘सोलो’. एकूण २०० पैकी १०० तास कमांड तुमच्याकडे असावी लागते.

राज्यात गोंदिया, नागपूर, धुळे, बारामती इथे ट्रेनिंग होतं. ॲडमिशनआधी तीनच प्रश्न विचारा. चालू स्थितीतली विमानं किती? इन्स्ट्रक्टर किती? मागच्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत झाले? कारण विमान हँगरमध्ये उभं असलं तरी कर्जाचं व्याज थांबत नाही. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलचं रँकिंगही काढतंय, तेही बघा. आणि लायसन्स म्हणजे नोकरी नाही, मोठ्या विमानाच्या टाइप रेटिंगचे लाखो रुपये त्यानंतर वेगळे लागतात.

मेडिकल काही हजारांत होतं. आधी तिथे जा. रिपोर्ट काय यायचा तो येईल, जमीन तर शाबूत राहील!